ऑफ-रोड गो-कार्टला १६० सीसीच्या जागी मोठं इंजिन: कोणतं घ्यावं आणि सोबत काय काय बदलावं?

माळरान_कार्ट
नमस्कार मंडळी. एका सीटची कार्ट आहे, चालवायची फक्त शेतातल्या कच्च्या वाटेवर आणि माळावर. सध्या होंडा जीएक्स१६० इंजिन (१६३ सीसी), सेंट्रिफ्यूगल क्लच (इंजिनाचा वेग वाढला की आपोआप पकडणारा), ३५ नंबरची चेन, स्प्रॉकेट पुढे १२ आणि मागे ६० दात. मागे २५ मिमीचा सलग एक्सल, टायर १८×९.५-८. फ्रेम एक इंची पाइपची, जाडी २ मिमी. ब्रेक एकच, एक्सलवर वायरने ओढला जाणारा डिस्क. माणसासकट वजन २४० किलोच्या आसपास.
अडचण अशी की चढाला क्लच घसरतो आणि ड्रम तापून निळा पडतो. जीएक्स३९० टाकावं की पल्सर १५०चं इंजिन? ताशी ४५ किमी वेग मिळाला तरी भरपूर. रिव्हर्स असेल तर बरंच. वेल्डिंग आणि लेथचं काम जवळच होतं.

लेथवाला_उद्यमनगर
इंजिनाआधी क्लच का जळतोय ते बघा, नाहीतर नवं इंजिन तोच क्लच दुप्पट वेगाने जाळेल.
१८ इंची टायरचा व्यास ४५७ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात साधारण १.४४ मीटर. १२:६० म्हणजे ५:१. असले क्लच २००० आरपीएमच्या आसपास पकडतात. २००० भागिले ५, गुणिले १.४४, म्हणजे मिनिटाला ५७६ मीटर, ताशी साधारण ३५ किमी. त्याखालच्या प्रत्येक वेगाला तुमचा क्लच घासतच चालतो, आणि चढावर तुम्ही ३५च्या वर जाणार नाही. गिअरिंग ताशी ६२ किमीचं लावलंय, रस्ता १५-२०चा आहे. दोष इंजिनाचा कमी, गुणोत्तराचा जास्त.
तरी मोठं इंजिन घ्यायचंच असेल तर माझं मत जीएक्स३९०ला. १६०चा टॉर्क १०.३ एनएम, ३९०चा २६.५, आणि दोन्ही २५०० आरपीएमला. चिखलात आणि चढावर हाच आकडा कामाला येतो.
विकत घेताना शाफ्ट नीट बघा, इथे बरेच जण फसतात. जनरेटरवरून उतरवलेल्या इंजिनाचा शाफ्ट टेपर (निमुळता) असतो, काही पंपांचा आटे पाडलेला असतो. दोन्ही तुमच्या उपयोगाचे नाहीत. सरळ, चावीची (शाफ्ट आणि पुली एकत्र फिरवणाऱ्या लोखंडी तुकड्याची) खाच असलेला शाफ्टच हवा. तोही २५ मिमी आहे की एक इंच, म्हणजे २५.४, हे व्हर्नियरने मोजा. एक इंची बोअरचा भाग २५च्या शाफ्टवर आरामात चढतो, छान बसल्यासारखा वाटतो आणि काही तासांत चावीची खाच रुंद करून टाकतो.

चेनस्प्रॉकेट
पल्सरला इतक्या लवकर बाजूला सारू नका. १५०चा टॉर्क १३ एनएमच्या आसपास आणि तोही साडेसहा हजार आरपीएमला, हे कबूल. पण मागे पाच गिअर आहेत, ताकद ३९०पेक्षा जास्त आहे आणि सुटे भाग कोणत्याही तालुक्याला मिळतात. कार्टचं चाक बाइकच्या चाकापेक्षा लहान असल्याने गिअरिंग आपोआप पाव हिश्श्याने उतरतं. मागचं स्प्रॉकेट ४४ऐवजी ५४ दातांचं केलं की पहिल्या गिअरला चढ निघतो.
घेताना इंजिन एकटं घेऊ नका. वायरिंग, सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा), रेग्युलेटर, कॉइल, इग्निशन स्विच, कार्बोरेटर आणि क्लच केबल एकाच गाडीचं घ्या. सीडीआय दुसऱ्या मॉडेलची निघाली की इंजिन चालू होतं पण वर फिरत नाही आणि शोधण्यात आठवडा जातो. भंगारवाल्याकडून गाडीची कागदपत्रं मागा, चेसिस आणि इंजिन नंबर पडताळा.
खरी अडचण थंड ठेवण्याची. हे इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्यावर थंड होतं. कार्टमध्ये ते सीटच्या मागे बसतं, वेग १५चा, वारा पोचत नाही. १२ व्होल्टचा पंखा सिलिंडरच्या फिन्सवर (थंड होण्यासाठीच्या पातळ पात्यांवर) थेट मारा करेल असा बसवावाच लागतो. जीएक्सला फ्लायव्हीलवरच पंखा आहे, गाडी उभी असली तरी थंड राहतं. आणि पल्सरला रिव्हर्स नाही.

बाहा_गॅरेज
रिव्हर्स पाहिजे तर महिंद्रा अल्फा तीनचाकीचा गिअरबॉक्स. बाहा एसएईइंडियाच्या (इंजिनिअरिंग विद्यार्थ्यांच्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेतल्या) गाड्यांत १० अश्वशक्तीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिनामागे हा वर्षानुवर्षं चाललेला आहे, त्यामुळे अडॅप्टर प्लेट बनवणारे पुण्यात आणि कोल्हापुरात सापडतात. एकूण गुणोत्तरं: पहिला ३१.४८, दुसरा १८.७०, तिसरा ११.४०, चौथा ७.३५, रिव्हर्स ५५.०८. तुमच्या टायरवर ३६०० आरपीएमला चौथ्यात ताशी ४२ किमी, पहिल्यात १०.
इंजिनाचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेत आहेत का ते डायल गेज लावून बघा. ०.१ मिमीच्या आत आणा. नुसत्या डोळ्याने जुळवलं तर इनपुट बेअरिंग आणि ऑइल सील आधी जातात.
पण तुमच्या कार्टला मागे सस्पेन्शन दिसत नाही. अल्फात उघडा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) आहे. ताठ फ्रेममध्ये एक चाक उचललं गेलं की सगळा जोर त्या मोकळ्या चाकाला जातो आणि गाडी जागेवर उभी. डिफरन्शियल वेल्ड करतात काही जण, मग वळताना स्टिअरिंग जड होतं आणि हाफ शाफ्टवर ताण येतो. सस्पेन्शन करणार नसाल तर सलग एक्सल ठेवा, रिव्हर्स सोडा आणि सीव्हीटी (दोन पुल्या आणि पट्ट्यावर गुणोत्तर आपोआप बदलणारी यंत्रणा) लावा.

माळरान_कार्ट
पटलं. सस्पेन्शन सध्या नाही करणार. मग जीएक्स३९०, सीव्हीटी आणि सलग एक्सल. सीव्हीटी ३० सिरीजची मिळतेय, चालेल? आणि चेन, एक्सल, फ्रेमचं काय?

लेथवाला_उद्यमनगर
३० सिरीज नको. ती साधारण आठ अश्वशक्तीपर्यंतची. ३९० जवळपास पावणेबाराचं आहे, चढावर पट्टा चकाकतो, मग घसरतो, मग फाटतो. ४० सिरीज घ्या आणि ड्रायव्हर (इंजिनाकडच्या) पुलीचा बोअर तुमच्या शाफ्टप्रमाणे.
दोन पुल्यांमधलं अंतर पट्ट्याच्या कागदावर छापलेलं असतं, तेच ठेवा. अंतर जास्त झालं तर उभ्या गाडीतही पट्टा ओढत राहतो, कमी झालं तर खालचं गुणोत्तर पूर्ण मिळत नाही. इंजिनाचा आयडल १४००च्या आसपास. पुलीच्या तोंडावर ग्रीस किंवा ऑइलचा थेंबही नको. कव्हर बंद हवं, पण खालून पाणी निथळायला भोक ठेवा. पट्टा भिजला की पकड संपते, मग थांबून वाळवण्याशिवाय इलाज नाही.
चेन ३५ची काढून टाका. ४२८ घ्या, बाइकच्या सुट्या भागांत सहज मिळते, पुण्यात नाना पेठेत हव्या त्या लांबीची. एक सांभाळा: सीव्हीटीसोबत येणारं स्प्रॉकेट बहुतेक ४० नंबरचं असतं. पिच दोन्हींचा १२.७ मिमीच, म्हणून चेन बसल्यासारखी वाटते. पण ४०चा रोलर ७.९२ मिमी आणि ४२८चा ८.५१. रोलर दाताच्या तळाला टेकत नाही, जोर दिला की चेन वर चढते. पुढचं-मागचं दोन्ही एकाच नंबरचं करून घ्या.
दात पुढे १०, मागे ६०. सीव्हीटी खाली सुमारे ३:१ देते, वर जवळपास १:१. म्हणजे सुटताना एकूण १८:१ आणि वर ६:१. कागदावर कमाल ताशी ५२, चिखल आणि टायरचं दबणं धरून ४५. मागे ७२ दात लावायचा मोह होईल, पण ४२८च्या ७२ दातांचा व्यास २९० मिमीच्या वर जातो, जमिनीपासून साडेसात सेंटिमीटरच उरतात आणि पहिल्याच दगडाला स्प्रॉकेट वाकतं. ६०ला दहा सेंटिमीटर मिळतात. तरीही खाली ४ मिमी पत्र्याचा पाटा लावा.

वेल्डिंग_पॉइंट
फ्रेमबद्दल. ३९०चं वजन १६०च्या जवळपास दुप्पट, साडेएकतीस किलो. हे वजन एक्सलच्या मागे गेलं तर पुढची चाकं हलकी होऊन चढावर स्टिअरिंग लागत नाही. इंजिन एक्सलच्या पुढे घ्या, त्यासाठी सीट ६०-७० मिमी पुढे सरकवावी लागली तरी सरकवा.
प्लेट ८ मिमीची, कारण भोकांचं अंतर वेगळं आहे आणि बोल्टही एम८ऐवजी एम१०, ग्रेड ८.८. इंजिन आणि सीव्हीटीचा जॅकशाफ्ट (दुसरी पुली आणि चेनचं पुढचं स्प्रॉकेट बसतं तो मधला शाफ्ट) एकाच प्लेटवर बसवा आणि चेन ताणायला ही आख्खी प्लेट खाचांमध्ये सरकू द्या. इंजिन वेगळं सरकलं की प्रत्येक वेळी पट्टा बिघडतो. रबर बुशवर इंजिन बसवू नका, ओढ लागली की ते तिरकं होतं.
२ मिमीच्या पाइपला प्लेट थेट वेल्ड केली तर वेल्डच्या कडेला, पाइपावरच चीर पडते. आधी पाइपावर ३ मिमीचा पॅच घाला, कोपऱ्यांना गसेट (तिकोनी आधारपट्ट्या) द्या. रोल केज नसेल तर या वेगाला तो हवाच. एक इंची पाइप, पण जाडी ३ मिमी. चार ठिकाणी अडकणारा सीट बेल्टही त्याच केजला.
एक्सल ३० मिमी करा, ईएन८ किंवा ईएन१९ प्रतीच्या पोलादाचा. सुटताना एक्सलवर पावणेपाचशे एनएम येणार. २५चा ३० केला की पिळाचा ताण ४२ टक्क्यांनी उतरतो. चावीच्या खाचेचे कोपरे धारदार ठेवू नका, तडा तिथूनच सुरू होतो. बेअरिंग ६२०६, स्टीलच्या वळवलेल्या घरात. बिडाचे पिलो ब्लॉक उड्यांना फुटतात. ग्रब स्क्रूवर भिस्त नको, दोन्ही बाजूंना चिमटणारे कॉलर लावा.

माळरान_कार्ट
आणि ब्रेक? वायरचाच ठेवला तर?

बाहा_गॅरेज
नाही. ३०चा वेग ४५ झाला की थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट. वायर ताणली जाते आणि उतारावर पेडल फ्रेमला टेकतं.
मागे एक्सलवर बाइकचा २४० मिमी डिस्क आणि हायड्रॉलिक कॅलिपर. पुढच्या दोन्ही चाकांना लहान डिस्क. मास्टर सिलिंडर मारुती ८००चा, त्यात दोन वेगळे सर्किट मिळतात: एक पुढचं, एक मागचं. एक नळी फुटली तरी दुसरी थांबवते. पेडलचं गुणोत्तर ५:१ ते ६:१. हवा काढताना सगळ्यात लांबच्या कॅलिपरपासून सुरुवात करा आणि कॅलिपरचा निपल वरच्या बाजूला येईल असाच बसवा. खाली आला तर हवा कधीच निघत नाही आणि माणूस मास्टर सिलिंडरला दोष देत बसतो.
हे सगळं इंजिन बसवण्याआधी, १६० असतानाच करून घ्या. ढकलून आणि हळू चालवून तपासता येतं.

चेनस्प्रॉकेट
३९०बद्दल दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत.
गव्हर्नर (इंजिनाचा कमाल वेग आवरणारा भाग) काढू नका. यूट्यूबवर काढून दाखवतात, वेग वाढतो हे खरं. पण मूळ फ्लायव्हील बिडाचं आहे आणि इंजिन ३६००साठी बांधलंय. ते फुटलं तर तुकडे सीटच्या मागून येतात. वेग कमी वाटला तर स्प्रॉकेट बदला.
दुसरं, ऑइल अलर्ट. तेल कमी झाल्यावर इंजिन बंद करणारा स्विच क्रँककेसमध्ये असतो. उड्यांमध्ये आणि २० अंशांपेक्षा जास्त तिरकं झाल्यावर तो उगाच बंद पाडतो. लोक कार्बोरेटर खोलून बसतात, दोष या स्विचचा असतो. स्विचची पिवळी वायर सोडता येते, पण मग दर वेळी गाडी बाहेर काढण्याआधी डिप स्टिक बघणं बंधनकारक. तेल १.१ लिटर, १०डब्ल्यू-३०, पहिली बदली २० तासांना. व्हॉल्व्हचं अंतर इंजिन थंड असताना इनटेक ०.१५, एक्झॉस्ट ०.२० मिमी.

माळरान_कार्ट
पेट्रोल टाकी इंजिनावरची ठेवू का?

वेल्डिंग_पॉइंट
काढा. धक्क्यांनी टाकीचे कान तुटतात आणि खाली सायलेन्सर गरम असतो. टाकी वेगळी, केजच्या आत, इंजिन आणि सीट यांच्यामध्ये पत्रा. कार्बोरेटरपेक्षा वर बसत नसेल तर क्रँककेसच्या दाबावर चालणारा पंप लागेल. आणि इंजिन बंद करायचा स्विच दोन ठिकाणी: एक स्टिअरिंगजवळ, एक बाहेरून मागे उभ्या माणसाचा हात पोचेल तिथे.
गाडी बांधाबाहेर, गावच्या रस्त्यावरही नेऊ नका. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ३९प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी नोंदणीशिवाय वाहन चालवता येत नाही, आणि अशी कार्ट नोंदवून मिळत नाही.

लेथवाला_उद्यमनगर
पहिल्यांदा चालवल्यावर पंधरा मिनिटांनी थांबा. स्प्रॉकेटचे आणि प्लेटचे बोल्ट पुन्हा आवळा, चेन पुन्हा ताणा. नवी चेन पहिल्या तासातच सैल पडते. मधोमध दाबली की १० ते १२ मिमी हलली पाहिजे. त्यापेक्षा ताठ ठेवली तर जॅकशाफ्टचं बेअरिंग जातं.