मदत हवी आहे: पावसात मोडाची नाचणी वाळत नाहीये, बाळाला चालेल का?

डोंबिवलीची_आई:
लेक सात महिन्यांची होईल आता. सहा पूर्ण झाल्यावर डॉक्टरांनी वरचं सुरू करा सांगितलं, नुसतं डाळीचं पाणी पाजत बसू नका, चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतपत घट्ट द्या म्हणाले. खिमटीची पूड जमली, दोन वाट्या तांदूळ एक वाटी मूगडाळ धुवून फॅनखाली वाळवून भाजून मिक्सरला रवाळ काढली, वरून तूप घातलं की मॅडम मिटक्या मारत खातात.

प्रॉब्लेम नाचणीचा आहे. भिजवली, फडक्यात बांधली, मोड मस्त आले, पण इकडे ऊन म्हणून नाही आणि हवा अशी की वाळत घातलेले लंगोटसुद्धा संध्याकाळपर्यंत ओलेच. कालपासून फॅनखाली पसरलीये तरी हाताला दमट लागते आणि आज सकाळी आंबूस वास यायला लागला. बुरशी डोळ्यांना तरी दिसत नाहीये. सासूबाई म्हणतात खरपूस भाज, वास जाईल, किलोभर नाचणी टाकायला त्यांचा जीव होत नाहीये (माझाही नाही खरं तर). आई फोनवर म्हणते पीठबीठ सोड, सत्त्व काढ. पुढच्या महिन्यात माझं ऑफिस सुरू होतंय, दुपारचं सासूबाईच भरवणार म्हणजे डब्यातून काढलं, शिजवलं, दिलं असं काहीतरी हवंय. तर ही नाचणी वापरू की टाकू, आणि पावसात वाळवायची तरी कशी? प्लीज कोणीतरी सांगा.

पोह्यांचा_चिवडा:
टाका. बाळाच्या बाबतीत वास आला की विषय संपला. बुरशीचं विष असेल तर ते भाजून किंवा शिजवून जाईलच असं नाही, वास तेवढा मरतो आणि मग कळतही नाही. सासूबाईंना डॉक्टरांचं नाव सांगा, आपलं सांगू नका :)

निवांत_दुपार:
टाकाच. आता पुढच्या वेळेसाठी, मी दोन्ही मुलांना पावसाळ्यातच केलंय म्हणून सांगते. एकदम किलोभर घेऊच नका, दोन वाट्या बास. मोडाचं पांढरं टोक दिसलं की थांबायचं, लांब मोड छान दिसतात पण त्यांना वाळायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आंबतात. मग सुती कापडावर अगदी पातळ, दाण्यावर दाणा नको, रात्रभर फॅन फुल्ल. सकाळी लगेच जाड बुडाच्या कढईत एकदम मंद गॅसवर हलवत बसायचं, आधी वाफ येईल, ती थांबली आणि दाणा दाताखाली कट्ट वाजला की झालं. इथे कंटाळा करायचा नाही पण खरपूसही करायचं नाही, कारण मोड आणतो तो कशासाठी तर त्या पिठाची पेज सैल होते, म्हणजे तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं, आणि बाळाचं पोट असतं केवढंसं. जास्त भाजलं की तो गुण जातो. मग हाताने चोळून पाखडा, मोड गळून पडतात. पूर्ण गार झाल्यावरच दळा, कोमट असताना डब्यात भरलं तर आतून घाम धरतो. डबा काचेचा, फ्रीजमध्ये. गिरणीत देऊ नका, आधीच्या माणसाचं काय दळलंय कोण जाणे.

काकू_सावंतवाडी:
आम्ही पावसात वाळवायच्या भानगडीत पडतच नाही गं. मोड आलेली नाचणी थोडं पाणी घालून वाटायची, मलमलमधून दूध पिळून घ्यायचं आणि तेच लगेच शिजवायचं. सतत ढवळ, नाहीतर क्षणात गुठळ्या. उरलं तर फ्रीजमध्ये, पण दुसऱ्या दिवसाच्या पुढे ठेवू नकोस. रोज ताजं, वाळवणाची कटकट नाही.

निवांत_दुपार:
काकूंचं बरोबर आहे, फक्त सत्त्वाबद्दल एक. नाचणीचं कॅल्शियम बरंचसं सालात असतं, चोथा टाकला की तेही जातं आणि खाली बसलेलं पांढरं म्हणजे मुख्यतः स्टार्च. सुरुवातीला पोटाला हलकं म्हणून ठीक, पण महिनोन्महिने त्यावरच राहू नका. पीठ चाळून द्यायला लागा, चाळणी हळूहळू जाड करा. आणि लोहासाठी नाचणीच्या भरवशावर राहू नका, ते अंगी कमीच लागतं, सोबत मोसंबीचा रस किंवा टोमॅटो द्या. आयर्नच्या थेंबांचं डॉक्टरांना विचारलंत का?

डोंबिवलीची_आई:
थँक्यू सगळ्यांना, नाचणी टाकली, सासूबाई दोन तास बोलल्या नाहीत :( थेंब सुरू आहेत. काकूंच्या पद्धतीने आज केलं, खाल्लं पण तोंड वाकडं करून. गूळ किंवा चमचाभर मध घालू का? सासूबाई म्हणतात त्यांच्या सगळ्या मुलांना जन्मल्या जन्मल्या मध चाटवलाय.

पोह्यांचा_चिवडा:
मध वर्षाच्या आत अजिबात नाही!! त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही पण तान्ह्यांच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. शिजवूनही मरत नाहीत. साखर, गूळ, मीठही वर्षापर्यंत नको.

काकू_सावंतवाडी:
मग पिकलेलं केळं कुस्करून घाल की त्यात. नाहीतर खारीक भिजवून, वाटून, गाळून, अगदी थोडी. आणि वाकडं तोंड म्हणजे नको असंच नसतं हो, नवीन चव आहे, चार दिवस जाऊ दे आणि परत दे. माझा नातू नाचणी बघून रडायचा, आता आंबील मागून पितो.

डोंबिवलीची_आई:
केळं आहे घरात, उद्या करते. खिमटीत मूगडाळीऐवजी कधी मसूर चालेल का?

निवांत_दुपार:
चालेल, पण नवीन डाळ एकटीच सुरू करा, त्या तीन-चार दिवसांत दुसरं काही नवीन नको, म्हणजे पुरळ वगैरे आलं तर कशाने ते कळतं. आणि सकाळी द्या, रात्री नको.