पिंजरा दुसऱ्या खोलीत हलवून भागत नाही

ताई, चतुर्थीआधी हॉल रंगवताना बजींचा (छोट्या पोपटांचा) पिंजरा स्वयंपाकघरात ठेवून वर चादर टाकली तर चालेल का, असं विचारलंत. नाही चालणार. चादरीने धूळ अडते, थिनरची वाफ नाही. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते, शिवाय हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त विषारी वायू त्यांच्या रक्तात उतरतो. ब्रिटनच्या कोळसा खाणींत 1986 पर्यंत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी उगाच नव्हते ठेवत!

आमच्या फोंड्याच्या घरी दारांना पॉलिश केलं तेव्हा मीही हाच शहाणपणा केला होता. संध्याकाळी आमचा कॉकाटील पोपट चोच उघडी ठेवून श्वास घेत होता, शेपटी प्रत्येक श्वासाला वरखाली. लगेच बहिणीकडे नेला, तिथून डॉक्टरकडे. वाचला बिचारा.

तेव्हा काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच त्यांना नातेवाइकांकडे पोचवा. बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, ठेवणंही नको, वास तिथेच येतो, वर मांजरं. आणि आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात हवा इतकी दमट की रंग वाळायला वेळ लागतो, पावसामुळे खिडक्याही बंद. पेंटर 'दोन दिवसांत वास जातो' म्हणेल. तो माणसांचा हिशेब. ऑइलपेंट किंवा पॉलिश असेल तर मी निदान दोन-तीन आठवडे थांबेन. कमी व्हीओसीचा (हवेत उडणारी रसायनं कमी असलेला) पाण्यातला रंग बराच बरा, पण तोही लावताना पक्षी घरात नकोच.

स्वयंपाकघराचं म्हणाल तर तिथे नॉनस्टिक तवा रिकामा तापला तरी त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. आमच्याकडे आता बिडाचाच आहे.