चर्चा: म्हणे मराठी टीव्ही १९९९ला जन्मला!

वरळीचा मनोरा: 'मराठी टीव्ही अल्फा मराठीपासून, म्हणजे आजच्या झी मराठीपासून सुरू झाला, त्याआधी नुसती सरकारी जांभई,' असं काल रिमोटधारींनी ठोकून दिलंय. मग २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते काय होतं? वर्षभरात सिंहगडाच्या मनोऱ्यावरून पुण्यालाही चित्र दिसू लागलं. चिमणराव, गजरा, आमची माती आमची माणसं हे कार्यक्रम म्हणजे जांभई? प्रेक्षक घडवला दूरदर्शनने, जाहिराती खाल्ल्या तुमच्या वाहिन्यांनी.

रिमोटधारी: स्मरणरंजन पुरे. १९८२ला रंग आले, त्याच वर्षी सगळ्या केंद्रांवर दिल्लीहून दाखवला जाणारा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि रात्रीची मोक्याची वेळ दिल्लीने गिळली. आमची आजी हिंदी बातम्यांसमोर पेंगायची. तिला रात्री मराठी मालिका दिली ती खाजगीवाल्यांनीच.

वरळीचा मनोरा: गिळली, मान्य. पण दिल्लीचं पाप मुंबई केंद्राच्या माथी का? आणि त्या मालिकांमध्ये सासू अजून तोच कट शिजवतेय, तेवढं आजींना विचारा.

रिमोटधारी: आजीवर जायचं काम नाही!

माजी केबलवाला: भांडा. पण वाहिनी घरात पोचवली कुणी? आखाती युद्धानंतर गच्चीवर डिशच्या छत्र्या लावून वायरी आम्ही ओढल्या. केबलचा कायदा आला १९९५ला! तोवर पाऊस, माकडं, चोरून जोडणी घेणारे शेजारी, सगळं आम्ही झेललं. आणि २०१९ला ट्रायने, म्हणजे केबलचे दर-नियम ठरवणाऱ्या सरकारी नियामकाने, काय दिलं? शंभर फुकट वाहिन्यांचे १३० रुपये, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, पे चॅनेलचे वेगळे. शिव्या मात्र वसुलीच्या पोराने खाल्ल्या.

चहाटळ काकू: वसुलीचं नाव काढू नका हो! आमच्या केबलवाल्याने 'हवं ते निवडा' म्हणत तेलुगू वाहिन्यांचा गठ्ठा गळ्यात मारला. घरात तेलुगू कुणालाही येत नाही. शेवटी फ्री डिश बसवली, महिन्याचं भाडं शून्य.

माजी केबलवाला: गठ्ठे वाहिनीवाले बांधायचे, काकू. २०१९ला झी मराठी सुटी घेतली तर १९ रुपये पडायचे, गठ्ठ्यात स्वस्त. आम्ही काय करणार?

चहाटळ काकू: फोन उचलायचा, दुसरं काय!

रिमोटधारी: विषय मराठी टीव्हीचा होता.

चहाटळ काकू: मग फ्री डिश कुणाची? दूरदर्शनचीच ना, २००४पासून.

रिमोटधारी: बरं बाई, एक काम केलं दूरदर्शनने, आरती ओवाळतो. आता त्या डिशवर हिंदीच्या जत्रेत मराठी वाहिन्या शोधून दाखवा.

वरळीचा मनोरा: तिथल्या जागा लिलावाने जातात. बोली लावायला तुमच्या खाजगीवाल्यांचे हात कुणी बांधलेत?