आयरिसचे गड्डे खोल पुरू नका

चार वर्षांपूर्वी लावलेल्या बिअर्डेड आयरिसला (हे जमिनीतल्या गड्ड्यांपासून वाढणारं फुलझाड) यंदा नुसती पानंच आली, फुलं नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक गड्ड्यांची दाटी झालीय. इथे अमेरिकेतल्या ओहायोत मी दर 3-4 वर्षांनी, जुलैअखेरीस, सगळा वाफा उकरते. मधले जुने, सुरकुतलेले गड्डे टाकून द्यायचे. कडेचे टणक, पानांचा पंखा असलेले ठेवायचे. पानं वीतभर ठेवून छाटा. प्रत्येक गड्डा बोटाने दाबून बघा. मऊ लागला, घाण वास आला तर कुजलाय. आत गुलाबीसर अळी सापडली तर लगेच मारा. लावताना मात्र हळदीसारखे पुरू नका हो! मुळं मातीत, गड्ड्याची पाठ उन्हाला उघडी. मी पहिल्यांदा चार बोटं खोल पुरले होते, दोन वर्षं एक कळी दिसली नाही. दोन गड्ड्यांत फूटभर अंतर सोडा.