प्रभावशाली कोणाला म्हणावे? चार फलकांसाठी निकष हवा आहे

ग्रंथसेविका

नमस्कार. आमच्या सार्वजनिक वाचनालयात महाराष्ट्र दिनाच्या निमित्ताने एक लहानसे प्रदर्शन भरवायचे ठरले आहे. भिंत एकच आणि तीही जिन्याजवळची असल्यामुळे चारच फलक मावतात: दूरचित्रवाणी, साहित्य, नेतृत्व आणि सामाजिक इतिहास. प्रत्येक फलकावर महाराष्ट्राशी संबंधित एकाच दिवंगत व्यक्तीची ओळख द्यायची आहे. समितीच्या पहिल्याच बैठकीत अर्ध्या तासात चारही नावे ठरली आणि कोणीही वाद घातला नाही, याचीच मला अधिक काळजी वाटली. हीच व्यक्ती का, असे विचारल्यावर प्रत्येक वेळी एकच उत्तर आले, की हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रसिद्धी आणि प्रभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मलाही समजते. मात्र शाळेतला मुलगा किंवा दुपारी वर्तमानपत्र चाळायला येणारे आजोबा फलकासमोर उभे राहिले, तर त्यांना स्वतः पडताळून पाहता येईल असा एखादा निकष मला मांडता येत नाही. गौरवपर विशेषणांनी भरलेले फलक आमच्याकडे माळ्यावर पुष्कळ पडलेले आहेत. कृपया उदाहरणासह सुचवावे.

दप्तरखाना

ताई, माझा निकष साधा आहे: नाव पुसून पाहा. व्यक्तीचे नाव झाकल्यानंतरही तिच्या कामाची खूण आपल्या रोजच्या व्यवहारात सापडत असेल, तर तो प्रभाव. नाव झाकताच हाती काही उरत नसेल, तर ती प्रसिद्धी.

मी आयुष्यभर लेखा शाखेत पगारबिले तयार केली. महाराष्ट्रातल्या पगारपत्रकात कपातीच्या बाजूला ‘व्यवसाय कर’ अशी एक ओळ असते. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २५०० रुपये. फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापले, हे विचारायला दर वर्षी कोणीतरी माझ्या टेबलाशी येत असे आणि मी वर्षाचा हिशेब मांडून दाखवत असे. परंतु हा कर मुळात आला कशासाठी, असे मला कधीही कोणी विचारले नाही. आणि खरे सांगायचे तर पहिली काही वर्षे मलाही ते माहीत नव्हते. १९७५ चा तो कायदा रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याच्या हेतूने झाला. ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम मागणाऱ्याला काम मिळालेच पाहिजे, यासाठी शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम घ्यायची, अशी ती मांडणी होती.

या योजनेमागे वि. स. पागे होते. ते १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते. सभापतिपद मानाचे असले, तरी त्या खुर्चीतून खात्याचा कारभार चालवता येत नाही. आपली कल्पना त्यांना पत्रे लिहून, माणसांना पटवून आणि प्रत्यक्ष करून दाखवूनच पुढे न्यावी लागली. १९६९ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर परिसरात तिचा प्रयोग झाला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, रस्त्यांवरील मातीकाम आणि कामावर मिळणारी सुकडी या आठवणी आमच्या पिढीच्या घराघरांत आहेत. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. एवढ्या लोकांना काम देता येते हे त्या दोन वर्षांत दिसले, म्हणूनच हमीची भाषा पुढे कायद्यात उतरू शकली, असे मला वाटते. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ मध्ये केंद्राने देशासाठी असाच कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव पाठीशी होता.

पागे यांचे नाव झाका. कपातीची ती ओळ तरीही पगारपत्रकात राहते. नेतृत्वाच्या फलकासाठी मी त्यांचे नाव सुचवतो.

शिळाछाप

दप्तरखाना यांचा निकष मला आवडला, पण तो एका बाबतीत अपुरा पडतो. ज्यांच्या कामाची खूणच शंभरेक वर्षे गाडली गेली होती, त्यांचे काय करायचे?

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे छोटे पुस्तक लिहिले. आदल्या वर्षी सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि नंतर ती सौम्य करण्यात आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून एकंदर स्त्रीजातीवरच जे तोंडसुख घेतले गेले, त्याला हे पुस्तक म्हणजे उत्तर होते. ताराबाईंची रीत पाहण्यासारखी आहे. त्या दयेची याचना करीत नाहीत. स्त्रियांच्या माथी मारले जाणारे दुर्गुण त्या एकेक करून हाती घेतात आणि यातला कोणता पुरुषांत नाही, असे थेट पुरुषांनाच विचारतात. भाषा बोलण्यातली, धारदार, म्हणींनी भरलेली. माजघरात जे दबक्या आवाजात बोलले जात असेल, ते त्यांनी छापखान्यात नेले. पुस्तकाची हेटाळणी झाली. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिकात ताराबाईंची बाजू घेतली, पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्यापर्यंत आलेले नाही.

पुढे हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केले, म्हणजे तब्बल ९३ वर्षांनी. आज स्त्रीवादी विचाराचा इतिहास लिहिताना त्यांना वगळून चालत नाही. मग १९०० किंवा १९५० साली त्यांचा प्रभाव किती होता? कोणी तरी प्रत जपून ठेवली आणि कोणी तरी ती ओळखली, एवढ्या बारीक धाग्यावर हे सारे टिकून राहिले. तेव्हा निकषात एक भर घालावी: प्रभाव पाडणाऱ्या व्यक्तीइतकीच तो पुढे वाहून नेणारी व्यक्तीही फलकावर असली पाहिजे. ताराबाईंच्या फलकावर मालशे यांचे नाव बारीक अक्षरांत का होईना, पण यावे.

जाता जाता एक सांगतो. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता ही फुले दांपत्याच्या शाळेतली विद्यार्थिनी होती. निबंध लिहिला तेव्हा तिचे वय अवघे चौदा वर्षांच्या आसपास होते. शाळेचा प्रभाव दाखवायचा असेल, तर संस्थापकांच्या तसबिरीपेक्षा तो निबंध मोठ्या अक्षरांत लावणे मी पसंत करीन.

अँटेना

दूरचित्रवाणीबद्दल अद्याप कोणी लिहिले नाही आणि त्याचे कारण उघड आहे. पुस्तकाला एक लेखक असतो. कार्यक्रमामागे निर्माता, लेखक, कलाकार, छायाचित्रकार, सरकारी खाते आणि प्रक्षेपणाचा मनोरा असे सगळेच असतात. पडद्यावर दिसणारा चेहरा तेवढा आपल्या लक्षात राहतो.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांना या केंद्राने चेहरे दिले, पण त्यांचे जनक चिं. वि. जोशी १९६३ मध्येच वारले होते. ज्या माध्यमामुळे त्यांची पात्रे पुस्तक न उघडणाऱ्या घरांतही पोचली, ते माध्यम मुंबईत येण्यापूर्वीच लेखक गेला होता. आता ही व्यक्ती साहित्याच्या फलकावर घ्यायची की दूरचित्रवाणीच्या? तुमचे चार कप्पे इथेच गळू लागतात.

एकच नाव द्यायचे असेल, तर मी थोडे अनपेक्षित सुचवतो: वसंत साठे. १९८० ते १९८२ या काळात ते केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते आणि लोकसभेत वर्ध्याचे प्रतिनिधित्व करीत होते. गरीब देशाला रंगीत दूरचित्रवाणीची चैन कशाला, असा आक्षेप घेतला जात असताना त्यांनी तिचा आग्रह धरला. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. ‘हम लोग’ या मालिकेची कल्पनाही त्यांच्या मेक्सिको भेटीशी जोडली जाते. तिथे मनोरंजनात गुंफून कुटुंबनियोजनासारखे विषय मालिकांमधून मांडले जात होते.

या मालिकेबाबतची पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जुलै १९८४ मध्ये ती सुरू झाली आणि दीडशेहून अधिक भाग चालली. भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी बोलत असत, आणि लोकांनी लाखो पत्रे पाठवली. तिच्यातली भागवंती ही सगळे मुकाट्याने सोसणारी आई होती, आणि असे सोसत राहू नये हे तिच्यावरून प्रेक्षकांना उमगावे, अशी कर्त्यांची अपेक्षा होती. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारले, तेव्हा पुष्कळांनी तिलाच आदर्श मानल्याचे आढळले. धडा एक शिकवायचा होता, लोकांनी दुसराच घेतला. आमच्या चाळीत ज्या एकाच घरी संच होता, त्या घरच्या काकू भागवंती रडू लागली की पदराने डोळे पुसत आणि ‘बाईने असंच असावं’ म्हणत. त्यांची सून तेव्हा स्वयंपाकघरात असे आणि काही बोलत नसे. हा प्रभाव नाही, असे म्हणता येत नाही. तो कोणाचा, हे मात्र सांगता येत नाही.

दुसरी_बाजू

नाव पुसण्याच्या निकषाला माझा स्पष्ट विरोध आहे. काही माणसांच्या बाबतीत नाव हेच कार्य असते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळात संमत झाला. त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत जवळपास सोळा वर्षे लढा चालला. विद्यापीठातले विषय, प्राध्यापक, वसतिगृहे नावामुळे बदलणार नव्हती. तरीही लोकांनी नावासाठी तुरुंग पत्करला. भेटल्यावर ‘जय भीम’ म्हणणारा माणूस त्या दोन शब्दांत स्वतःची ओळख आणि ताठ मान दोन्ही सांगत असतो. हे नाव झाकून तुम्ही काय मोजणार आहात? पगारपत्रकातल्या ओळीवरून प्रभाव ठरवणे ही हिशेबनिसाची दृष्टी झाली.

दप्तरखाना

हिशेबनीस ही शिवी म्हणून मी घेत नाही. आपला मुद्दा मात्र मान्य करतो. माझा निकष विस्मरणात गेलेल्यांसाठी उपयोगी आहे. ज्यांचे नाव उच्चारणेच एके काळी धाडसाचे होते, त्यांना तो लावणे अन्यायाचे होईल. तरीही ज्यांना पुतळे आहेत, ज्यांच्या जयंत्या होतात, त्यांच्यासाठी जिन्याजवळची भिंत अडवू नये, असे माझे मत कायम आहे. शिळाछाप यांची भरही मला पटली. विसापूरचा प्रयोग पुढे नेणारे कितीतरी अनाम तलाठी आणि मुकादम असणार, ते माझ्या प्रतिसादातून निसटलेच होते.

ग्रंथसेविका

सर्वांचे मनापासून आभार. काल समितीची दुसरी बैठक झाली आणि या वेळी दोन तास वाद झाला. नेतृत्वाच्या फलकावर पागे, सामाजिक इतिहासाच्या फलकावर ताराबाई आणि खालच्या कोपऱ्यात मालशे, असे ठरले. दूरचित्रवाणीचा फलक साठे यांचा असेल, पण त्याचा निम्मा भाग भागवंतीला दिला आहे, आणि लोकांनी तिच्याकडून काय घेतले हा प्रश्न तिथे लिहिणार आहोत.

साहित्याचा फलक साने गुरुजींकडेच राहिला. मी विरोधात होते, कारण पहिल्या यादीतलेही ते नाव होते. एका सदस्यांनी मला गप्प केले. ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली, हे फलकावर नेहमीच असते. त्याच लेखकाने मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले, हे त्याच्याशेजारी क्वचितच लिहिले जाते. तेव्हा या फलकावर पुस्तक वरच्या ओळीत आणि उपोषण मधोमध येईल. अँटेना यांनी कप्पे गळतात म्हटले ते खरेच आहे, पण भिंतीवर खिळे चारच आहेत.

विद्यापीठाच्या नामांतराचा मुद्दा चारांपैकी एकाही फलकात बसला नाही. दुसरी_बाजू यांचे म्हणणे मी बैठकीत वाचून दाखवले. त्यावर जिन्याच्या वळणावर पाचवा फलक लावता येईल का, हे मोजून पाहायला एका सदस्यांना सांगितले आहे.

शेवटची विनंती दप्तरखाना यांना. पागे यांच्या फलकाखाली काचेत एक खरे पगारपत्रक ठेवावे, असा विचार आहे. नाव आणि क्रमांक झाकून आपल्याकडची एखादी प्रत मिळाली तर उपकार होतील. शक्य असल्यास फेब्रुवारीची द्यावी. तीनशेचा आकडा पाहून माणूस थांबेल.