मदत हवी आहे: भाड्याने देतो त्या घराबाहेर वेबकॅम लावायचा आहे. देखावा दिसावा, पाहुणे दिसू नयेत

पायवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

सुट्टीसाठी भाड्याने देतो असं आमचं एक घर आहे. डोंगराच्या उतारावर, समोर खाली तळं. आम्ही तिथे राहत नाही, जाऊन यायचं तर अख्खा दिवस मोडतो. पाहुण्यांचा निघायच्या आदल्या दिवशी फोन ठरलेला: "धुकं आहे का? पाऊस किती आहे?" आम्हाला इथे बसून काय कळणार! मग घर सांभाळणाऱ्या काकांना फोन, ते बाहेर जाऊन बघणार, ते आम्हाला सांगणार, आम्ही पाहुण्यांना. म्हणून वाटलं, तळ्याकडे तोंड करून एक कॅमेरा लावावा आणि चित्र आपल्या वेबसाइटवर टाकावं. ज्याला बघायचं त्याने बघावं.

राखणीसाठी नकोय, हे आधीच सांगते. कुणालाही विचारलं की चार कॅमेरे आणि रेकॉर्डिंगच्या डब्यावरच गाडी जाते.

मागे एकदा हात पोळून झालाय. साधा वायफाय कॅमेरा आणून गच्चीच्या वळचणीला लावला होता. चित्र फक्त त्या कंपनीच्या ॲपमध्ये दिसायचं, वेबसाइटवर न्यायची सोयच नव्हती. पावसात काचेला आतून वाफ धरली. एका रात्री सगळं पांढरं धुरकट दिसलं, आम्ही पाहुण्यांना छातीठोकपणे सांगितलं की दाट धुकं आहे, सांभाळून या. सकाळी काकांनी बघितलं तर काचेसमोर कोळ्याचं जाळं!

पण कॅमेरा काढला तो वेगळ्याच कारणाने. गच्चीचा एक कोपरा त्यात दिसत होता. तिथे बसलेल्या एका पाहुणीने फोन करून शांतपणे विचारलं, "हा आमच्याकडे बघतोय का?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच दिवशी काढायला लावला.

आता नीट करायचंय. राउटर पुढच्या खोलीत आहे, तिथून कॅमेऱ्याच्या जागेपर्यंत भिंतीच्या कडेने साधारण ३५ मीटर तार लागेल. अपलोडचा वेग सकाळी ८ एमबीपीएस, संध्याकाळी ३ वर येतो. वीज जाते-येते. 'पोर्ट फॉरवर्डिंग' करा (म्हणजे बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत यायला राउटरमध्ये वाट उघडा) असं एकाने सुचवलं होतं, करून पाहिलं, काही झालं नाही. राउटरच्या पानावर इंटरनेटवरचा बाहेरचा पत्ता १००.७२ ने सुरू होणारा दिसतो, त्याचा काही संबंध असेल का? कॅमेरा कोणता घ्यावा, तार कोणती, आणि चित्र वेबसाइटपर्यंत न्यायचं कसं?

तारजोड

पत्त्यापासून सुरुवात करतो, कारण तुमचं कोडं तिथेच आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपन्या बऱ्याच ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवायला वापरतात. बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत थेट वाटच नाही, मग तुम्ही पोर्ट उघडून काय होणार? आणि नाही झालं तेच बरं झालं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच उघडे कॅमेरे आणि राउटर, कंपनीने दिलेले पासवर्ड वापरून, लाखांनी ताब्यात घेतले होते. बाहेरच्याला आत घ्यायचंच नाही. आतून चित्र बाहेर ढकलायचं, त्याला हा पत्ता आड येत नाही.

वायफाय विसरा. 'पीओई' कॅमेरा घ्या, म्हणजे वीज आणि डेटा एकाच नेटवर्क केबलमधून. केबल १०० मीटरपर्यंत चालते, तुमचे ३५ म्हणजे काहीच नाही. साध्या ८०२.३एएफ प्रकारच्या स्विचमधून (नेटवर्कच्या केबली जोडायचा डबा) एका पोर्टला, म्हणजे केबल खोचायच्या एका खोबणीला, १५.४ वॉट मिळतात, जागेवर खिळलेल्या छोट्या कॅमेऱ्याला ते भरपूर झाले. खरा फायदा पुढे आहे: स्विच आणि राउटर दोन्ही एकाच यूपीएसवर ठेवले की वीज गेली तरी कॅमेरा चालू. पोर्ट लांबून बंद-चालू करता येईल असा स्विच घेतलात तर कॅमेरा अडकल्यावर काकांना प्लग काढायला पाठवावं लागणार नाही.

केबल घेताना आत निखळ तांबं आहे ना हे विचारून घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल मिळते, ती पीओईला नको. वरचं आवरण बाहेर वापरायचं, काळं, उन्हाने न तडकणारं असावं.

कॅमेऱ्याच्या पेटीवर 'ऑनव्हिफ' (वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांनी एकमेकांशी बोलायची सामायिक पद्धत) आणि 'आरटीएसपी' (कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रात घ्यायची पद्धत) हे दोन शब्द नसतील तर घेऊ नका. तुमचा आधीचा कॅमेरा ॲपमध्ये कोंडला गेला तो यामुळेच.

पायवाट

तारजोड, फार आभार! वाफेचं काय पण? त्या कॅमेऱ्यावर आयपी ६६ लिहिलेलं होतं हो.

तारजोड

आयपी ६६ मधला पहिला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, दुसरा ६ म्हणजे जोराच्या फवाऱ्याने पाणी आत जात नाही. पण ते सगळं झाकणं नीट बसवली असतील तर. पाणी बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या शेपटीतून शिरतं, म्हणजे केबल जोडायचा जो सांधा बाहेर लोंबतो तिथून. सोबत मिळणारी रबराची बोंडी लोक पेटीतच विसरतात. सांधा बंद डब्यात घ्या आणि केबल डब्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पागोळी त्या झोळाच्या टोकावरून गळून जाईल, डब्यात उतरणार नाही. आणि कॅमेरा उघडून बसवायचा असेल तर कोरड्या दिवशी बसवा. दमट हवा आत कोंडली की रात्री काच गार पडल्यावर तीच वाफ धरते.

रातकिडा

कोळ्यांबद्दल. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे (अंधारात दिसावं म्हणून असलेले, आपल्या डोळ्यांना न जाणवणारे) लागतात आणि कोळी काचेसमोरच जाळं विणतो. जाळ्याचा धागा काचेच्या इतका जवळ असतो की तो दिवा त्याच्यावरच चमकतो आणि सगळं पांढरं दिसतं. पावसाचे थेंब आणि वळचणीची कडाही तशीच चमकते. ते दिवे सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाका. तळं कुठे, दिव्याचा उजेड कुठे! काही पोचत नाही तिथे.

दिशाही बघा. उगवता किंवा मावळता सूर्य थेट काचेत येणार असेल तर त्या वेळी चित्र धुऊन निघतं, कितीही भारी कॅमेरा असो. घुमटासारखे गोल कॅमेरे देखाव्यासाठी टाळा, घुमटावरच्या धुळीवर ऊन पडलं की सगळं भुरकट. आणि २.८ मिलिमीटरची लेन्स फार रुंद दाखवते, तळं चिमुकलं दिसेल आणि नको ते सगळं चौकटीत येईल. ६ मिलिमीटरने चौकट आवळली जाते.

हिशेबी

मला एक कळत नाही, व्हिडिओ हवाच कशाला? १०८० चा व्हिडिओ ४ एमबीपीएस धरला तर दिवसाला साधारण ४३ जीबी वर जाणार. संध्याकाळी तुमचा वेगच ३ आहे, म्हणजे पाहुण्यांना इंटरनेट नाही आणि व्हिडिओही अडखळणार. त्याऐवजी दर ५ मिनिटांनी एक फोटो पाठवा. ३०० केबीचा एक, दिवसाचे २८८, सगळे मिळून ८६ एमबी. धुकं पाच मिनिटांत येत-जात असेल, पण त्यासाठी कोणी प्रवास रद्द करत नाही.

वाटसरू२

हिशेब मान्य, पण हलणारं पाणी बघून बुकिंग येतं, फोटो बघून नाही. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण ठेवा, बघणारे कितीही आले तरी तुमच्या लाइनवर एकाचाच भार. पहिल्यांदा सुरू करताना परवानगीला २४ तासांपर्यंत लागू शकतात, ते धरून चला. चित्र एच.२६४ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये असते) ठेवा आणि माइक बंद असेल तर निःशब्द ध्वनीची पट्टी जोडून पाठवा, नाहीतर प्रक्षेपण कुरकुरतं.

हिशेबी

एकाचा भार म्हणजेच ते ४ एमबीपीएस ना? धागाकर्तीकडे ३ आहेत. असो.

शंकासुर

सगळे तारांवर बोलताहेत, त्या पाहुणीचा प्रश्न तसाच राहिला. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये गच्चीवर काळा चौकोन टाकता येतो, पण त्यावर विसंबू नका. तो चौकोन तुम्ही घातलाय हे पाहुण्यांना कसं दिसणार? त्यांना दिसतो तो आपल्याकडे रोखलेला कॅमेरा. जागाच अशी निवडा की कॅमेऱ्याची पाठ घराकडे असेल. खाली उभं राहून कुणालाही कळलं पाहिजे की याला मी दिसूच शकत नाही.

दुसरं, माइक बंद. तिसरं, लपवाछपवी नको: कॅमेरा कुठे आहे आणि काय दाखवतो हे घराच्या जाहिरातीत लिहा. एअरबीएनबीवर घर टाकलं असेल तर ते बंधनकारकच आहे. ३० एप्रिल २०२४ पासून त्यांनी घराच्या आतले कॅमेरे पूर्ण बंद केले. बाहेरचे चालतात, पण बुकिंगआधी जागेसकट सांगावे लागतात. शेजाऱ्यांचं अंगणही चौकटीत येत नाही ना, बघा.

तारजोड

शंकासुरांना +१. त्यात एक भर: कॅमेरा आणि पाहुण्यांचं वायफाय वेगवेगळ्या नेटवर्कवर ठेवा. राउटरमध्ये 'गेस्ट' नेटवर्क असतं ते पाहुण्यांना द्या. नाहीतर गच्चीवर बसून कोणीतरी कॅमेऱ्याचं लॉगिन उघडून बघेल.

पायवाट

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. लावला!

गच्चीवर नाही, गच्चीच्या खालच्या दगडी बांधाला खांब ठोकून. गच्चीवरून फक्त त्याची पाठ दिसते, काकांनी तिथे खुर्ची टाकून, बसून, उभं राहून सगळं तपासलं. तार काळी, झोळ दिला, रबराची बोंडी खरंच पेटीतच राहिली होती, ती शोधून लावली. वाटसरू२, व्हिडिओचा मोह झाला होता, दोन दिवस चालवलाही. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांची इंटरनेट चालत नसल्याची तक्रार आली. आता रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) आरटीएसपीवरून दर ५ मिनिटांनी फोटो काढून वेबसाइटवर चढवतो, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. भाचा आला होता, त्याने ते सगळं लिहून दिलं.

एक घोळ झाला तो सांगते, म्हणजे कुणाचा होऊ नये. फोटो चढवणं एकदा मधेच थांबलं आणि पानावर आदल्या दिवशीचं लख्ख ऊन तसंच राहिलं. पाहुणे छत्र्या न घेता निघाले आणि वर मुसळधार. आता फोटोवरच तारीख-वेळ छापून येते आणि फोटो २० मिनिटांहून जुना असेल तर पानावर चित्राऐवजी 'सध्या चित्र उपलब्ध नाही' एवढंच दिसतं.

त्या पाहुणीला मुद्दाम फोटो पाठवला, खांबाचा आणि कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या तळ्याचाही. पुढच्या महिन्यात परत येताहेत.

एक नवीन उपद्रव: कॅमेऱ्यावर एक पक्षी येऊन बसतो आणि सकाळच्या निम्म्या फोटोंत तळ्याच्या मधोमध त्याची शेपटी. काय करू?

रातकिडा

त्याला उंच जागा हवी असते. कॅमेऱ्याच्या मागे, खांबालाच, हातभर उंच आडवी काठी बांधून द्या. तो तिथे बसेल. काठी मात्र कॅमेऱ्याच्या बरोबर वर येऊ देऊ नका, कारण कळेलच.