कंपनीच्या पेजवर बक्षिसे नकोत, उत्तर देणारा माणूस हवा

काजूबाग (धागा सुरू करणारी)

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मसाले, लोणची, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) बनवणाऱ्या एका कंपनीत मी विक्रीचे काम बघते. आमचे फेसबुक आणि इन्स्टाग्राम पेज निपचित पडले आहे. सणाच्या शुभेच्छा आणि बाटल्यांचे फोटो, एवढेच त्यावर असते. ते हलवण्यासाठी एका एजन्सीने योजना दिली आहे: दर महिन्याला गिव्हअवे. पेज फॉलो करा, पोस्ट शेअर करा, तीन मित्रांना टॅग करा, हॅम्पर जिंका. मालकांना ती पसंत आहे, मला अजिबात नाही.

एक तर फेसबुकच्या नियमांतच ती बसत नाही. स्पर्धेत भाग घेण्यासाठी आपल्या टाइमलाइनवर शेअर करा किंवा मित्रांना टॅग करा, अशी अट घालायला तिथे मनाई आहे. शिवाय लाइक-टॅग-शेअर मागणाऱ्या पोस्ट खाली ढकलणार, हे फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केले होते. जानेवारी २०१८ मध्ये तर पेजच्या पोस्टपेक्षा घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टना फीडमध्ये वर जागा मिळेल, असेही सांगितले.

आणि फुकट हॅम्परसाठी आलेला माणूस आमचे गिऱ्हाईक होत नाही. आमचा माल म्हापसा, फोंडा, मडगावच्या दुकानांत विकला जातो. स्पर्धा खेळणारे देशभरातून येतात. पुढच्या पोस्ट त्यांना दिसतात, ते थांबत नाहीत, आणि मग त्या पोस्ट इतरांनाही कमी दाखवल्या जातात.

इकडे इनबॉक्समध्ये प्रश्न तसेच पडून आहेत. सोलांवर (वाळवलेल्या कोकमांवर) पांढरे दिसते, ते मीठ की बुरशी? तिरफळ (मसाल्याचे फळ) अख्खे घालायचे की बी काढून? यातले प्रत्येक उत्तर म्हणजे एक पोस्ट आहे. मीठ असेल तर बोटाला खरखरीत लागते आणि पाण्यात विरघळते. बुरशी लवदार असते आणि कुबट वास मारते. तिरफळाचे काळे बी टाकायचे, वरची साल तेवढी घ्यायची. आमच्याकडे सोलां वाळवणाऱ्या बाया आहेत, त्यांनीच हे कॅमेऱ्यासमोर करून दाखवावे. त्यांच्या हातांवर लोकांचा जितका विश्वास बसेल, तितका कुठल्याही हॅम्परने बसणार नाही.

मांडवीकाठ

बाय, मी पणजीत अशी पेज चालवण्याचेच काम करतो, तेव्हा विरोधी बाजू मांडतो. शेअर-टॅगची अट चूक आहे, हे मान्य. पण स्पर्धाच नको, हे पटत नाही. 'तुमच्या घरची सोलकढी कशी करता ते कमेंटमध्ये लिहा, त्यातून निवडू' अशी स्पर्धा नियमात बसते आणि त्यातून पुढच्या पोस्टचा मजकूरही मिळतो.

दुसरे असे की, तुम्ही कितीही चांगली उत्तरे दिलीत तरी ती बघणार कोण? निपचित पेजची पोस्ट फार थोड्या लोकांपर्यंत जाते. अनोळखी माणसापर्यंत पोहोचवतात ते रील. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील आणले, आणि तेव्हापासून लहान धंद्यांना फुकटात माणसे मिळण्याची खरी जागा तीच आहे. त्यावर थोडा पैसा टाका. जाहिरात फक्त गोव्यात दाखवता येते, म्हापशाच्या आसपास ठरावीक अंतरातही दाखवता येते. प्रेक्षक देशभरचे येतात ही तुमची तक्रार तिथेच संपते.

सासष्टीची वाट

भाषेचे काय, हे कुणी बोलतच नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली. पण गिऱ्हाईक कायदा बघून वाचत नाही. डिचोली-पेडण्यात मराठी मजकूर आवडीने वाचतील, आमच्याकडे मडगाव-कुडतरीत अनेक जण रोमी (रोमन लिपीतली) कोकणी वाचतात. मराठीतच लिहिणार असाल तर अर्धा गोवा सोडला असे समजा. आमच्याकडचे गिऱ्हाईक गमावून पेज वाढले, असे मी तरी म्हणणार नाही.

काजूबाग

म्हणून तर व्हिडिओत माणूस बोलू दे म्हणते. बोलली जाणारी कोकणी पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळ्यांना समजते. खाली मजकूर मराठी आणि इंग्रजीत. कमेंट ज्या भाषेत आणि ज्या लिपीत येईल, उत्तर त्याच भाषेत, त्याच लिपीत. रोमीत लिहिणाऱ्याला देवनागरीत उत्तर देणे मला उद्धटपणा वाटतो.

शुक्रवारचा बाजार

माझे म्हापशात किराणा दुकान आहे. मला दोन्ही बाजू पटत नाहीत. पेजमुळे माझ्याकडे कुणी आले, असे मी अजून ऐकलेले नाही. गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर यादी पाठवते आणि मुलगा सामान पोहोचवतो. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये मालाचा कॅटलॉग ठेवता येतो, दर लिहिता येतात. कंपनीने तो नीट ठेवावा, दुकानदाराला फोटो आणि दर वेळेवर पाठवावेत. रीलचा खर्च अखेर बाटलीच्या किमतीवरच चढणार ना?

मांडवीकाठ

व्हॉट्सअॅपवर तोच येतो ज्याच्याकडे तुमचा नंबर आहे. मिरामारला नवीन राहायला आलेल्या जोडप्याला तुमचे दुकान कोण सांगणार?

चवथीची माटोळी

मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते. शुभेच्छांच्या पोस्ट कृपा करून बंद करा. दिवाळीच्या दिवशी शंभर कंपन्यांची तीच पणती दिसते. त्यापेक्षा आमच्या स्वयंपाकघराच्या वेळा बघा. मेमध्ये पुरुमेंत (पावसाळ्यासाठीची साठवण) भरतो, तेव्हा मिरच्या, सोलां, लोणची यांचे बोला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद असतात, ताजी मासळी महाग होते. तेव्हा सुक्या बांगड्याचे काय करायचे ते सांगा. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, बहुतेक हिंदू घरांत खतखतें (मिश्र भाज्यांचे कालवण) होते, तेव्हा तिरफळांचे सांगा. माझी सून बेळगावची आहे, तिला यातले काही शिकायचे असते आणि ती आधी फोनमध्येच शोधते.

अजून एक. खाण्याचे व्हिडिओ करणाऱ्यांना फुकट माल पाठवणार असाल तर त्यांनी ती जाहिरात आहे असे स्पष्ट लिहिलेच पाहिजे. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये तसे नियम केले, केंद्राच्या ग्राहक खात्यानेही जानेवारी २०२३ मध्ये सूचना काढल्या. 'सहज चाखले, आवडले' म्हणणारा पैसे घेऊन बोलतो हे कळले की मी तो मसाला परत घेत नाही.

काजूबाग

माटोळीताईंचे वेळापत्रक मी जसेच्या तसे उचलते. भिरंडे (कोकमाची फळे) एप्रिल-मेमध्ये येतात, त्यामुळे पहिले चित्रण त्या वेळी आमच्या अंगणातच होईल. बाजारवाल्या भाऊंचेही घेते: प्रत्येक व्हिडिओखाली, माल कुठल्या दुकानात मिळतो ते गावाच्या नावासह लिहायचे.

मांडवीकाठ, पैसा टाकण्याला माझा विरोध नाही, पण आधी इनबॉक्स. ज्या पेजवर प्रश्नाला आठ-आठ दिवस उत्तर मिळत नाही, त्याची जाहिरात करणे म्हणजे कुलूप लावलेल्या दुकानाकडे माणसे धाडणे. मालकांकडे मी एवढेच मागणार आहे की, रोज दुपारी एक तास एका जाणत्या माणसाला उत्तरे लिहायला मोकळे करा, आणि तो माणूस एजन्सीचा नको, कारखान्यातला हवा.

मांडवीकाठ

एक तासाने भागेल असे वाटत नाही, रात्री नऊनंतरच लोक लिहितात. आणि मालकांना आकडे लागतील, तेव्हा लाइक मोजू नका. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी स्वतः सांगितले आहे की, अनोळखी लोकांपर्यंत पोहोचायला लाइकपेक्षा एकमेकांना पाठवणे जास्त कामी येते. किती जणांनी पाठवले, किती जणांनी सेव्ह केले, किती जणांनी 'कुठे मिळते' विचारले, ते लिहून ठेवा. मेपासून चवथीपर्यंत तुमच्या पद्धतीने चालवा. तोवर विचारणा वाढली नाही तर जाहिरातीचा पैसा मंजूर करून घ्या. आणि सोलकढीची स्पर्धा मी अजूनही सोडलेली नाही.

काजूबाग

चवथीपर्यंत कबूल. स्पर्धा ठेवलीच तर बक्षीस म्हणून हॅम्पर नाही. जिंकणारीची सोलकढी तिच्याच स्वयंपाकघरात चित्रित करू, तिची परवानगी घेऊन.